मरोळच्या जिन्यावरचं मांजर

रविवारच्या चित्रकार मंडळींनो, रंगीत टीव्हीपुढे बसून आज दांडी मारलीत ना? मग आपल्या फळ्यावर लावलेलं हे वाचाच.

मरोळ गावठाणात आम्ही चौघं एका कौलारू घराचं स्केच करत होतो. बाहेरून लाकडी जिना, त्यावर पसरलेलं मांजर, एकदम झकास! एक डोळा मिटून, हात लांब करून मी पेन्सिलीने त्याचं माप घेत होतो. तेवढ्यात घरातली आंटी झाडू घेऊनच बाहेर आली.

"काय रे, घर मोजतोस? बिल्डरने पाठवलं ना तुला?"

शेजारीही जमले. माझी वाट लागली, कारण आठवडाभर मी बिल्डरांसाठीच प्लॅन काढतो यार! नुसताच चित्राचा कागद पुढे केला.

आंटीने तो बराच वेळ बघितला. मग झाडू खाली ठेवला.

"पाडायला आलेला माणूस माझं मांजर कशाला काढेल?" असं म्हणून तिने आतून मला खुर्ची आणून दिली.

हुश्श! जीव भांड्यात पडला.

उद्या सोमवार. पुन्हा तेच सरळसोट जिने काढायचे. त्यातल्या एखाद्यावर एक मांजर रेखाटू का रे?