न विचारता घेतलेली सही

मी सुरतेच्या डिंडोलीतल्या मराठी शाळेत शिकवते. वर्ग आणि वह्यांतून मान वर काढायला फुरसत नाही, त्यात मतदार यादीचं काम गळ्यात आलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! पण काम अंगावर घेतलं की मी ते अर्धवट सोडत नाही. हा माझा गुण. घरच्यांच्या मते हाच दुर्गुण.

शेजारच्या नवागामच्या गल्ल्यांतून घरोघर फिरले. कित्येकांचं एक नाव इथल्या यादीत, दुसरं खानदेशातल्या गावच्या. "दोन ठिकाणी नाव चालत नाही," असं मी दारोदार बजावत होते. आमच्या गावाकडची एक बाई फटकन म्हणाली, "मॅडम, आधी तुमच्या घरचं पाहा ना!"

खोटं कुठे होतं? आमच्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, उभा जन्म सुरतेत कापडाच्या लूमवर काढला, पण गावच्या ग्रामपंचायतीचं एक मतदान चुकवलं नाही. कामावर खाडा करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि गाडी पकडायची. कारखान्यात त्यांना कोणी नावानंसुद्धा हाक मारत नसे. गावात मात्र उमेदवार ओट्यावर येऊन बसायचा. आप्पा त्याला आधी चहा पाजायचे, मग शेतरस्त्यावरून चार शिव्या हासडायचे. त्या एका दिवसावर ते पुढची पाच वर्षं काढायचे.

हे सगळं मला ठाऊक होतं, म्हणूनच मी त्यांना खरं सांगितलं नाही. वाद नको होता. "इथलं नाव पक्कं करायचंय, सही करा," एवढंच म्हणाले. कागद गावचं नाव कमी करण्याचा होता. शिकलेली लेक कागद पुढे करतेय म्हटल्यावर त्यांनी चष्मासुद्धा शोधला नाही.

ग्रामपंचायतीच्या पुढच्या निवडणुकीला आप्पा नेहमीसारखे गावी गेले. केंद्रावर यादी चाळली, नाव नाही. आमच्या गावात नाव कटतं ते माणूस गेल्यावर, नाहीतर लेक सासरी गेल्यावर. रांगेतलं कोणीतरी हसत म्हणालं, "आप्पा, तुम्ही तर वारले की!" हे मला गावच्या काकूनं फोनवर सांगितलं. आप्पा घरी आले, शर्ट खुंटीला टांगला आणि म्हणाले, "मन्हं नाव नही शे म्हने." मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर कित्येक महिने घरात मतदानाचा विषय निघाला नाही.

मग सुरतेतली निवडणूक आली. शाळेच्या पटांगणात यादी घेऊन मी बसले होते. आप्पा येणार नाहीत याची मला खात्री होती. पण दुपारी भर उन्हात ते रांगेत दिसले. टेबलापाशी आले तेव्हा मी त्यांचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला. ते आत गेले, मत देऊन बाहेर आले आणि शाई लावलेलं बोट वर धरून माझ्यापुढे उभे राहिले.

"नियम बराबर शे तुना," ते हळूच म्हणाले. "पन तू इचारती ना पोरी, तं मी सोता सही करतू."

मागचा माणूस चिठ्ठीसाठी खोळंबला होता. मी त्याचं नाव शोधायला लागले, आणि मला यादीतली अक्षरंच दिसेनात.