चर्चमध्ये दिलेली दाद

नेदरलँड्समधल्या आर्नहेममध्ये आमच्या वरच्या मजल्यावर एक बेलारूसची बाई राहते. कपडे वाळत घालताना गुणगुणत असते. मी लग्नाआधी पुण्यात बरीच वर्षं गाणं शिकले, त्यामुळे कान आपोआप तिकडे जायचे. दोघींचं डच सारखंच मोडकं, म्हणून आमचं जमलं.

तिच्या लोकांच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गाणाऱ्यांची प्रमुख तीच. पाचच जण. पेटी नाही, ऑर्गन नाही, काही म्हणजे काही नाही. तिथे फक्त माणसाचा गळा चालतो. ती प्रत्येकाला त्याचा त्याचा स्वर हळूच देते आणि हात उचलते. "मी थांबले की सगळे थांबतात," ती म्हणायची.

गेल्या वर्षी तिकडे बेलारूसमध्ये तिची आई वारली. हिला जाता आलं नाही; गेली असती तर परत येता येईल याची खात्री नव्हती. चाळिसाव्या दिवशी इथेच प्रार्थना ठेवली. "आईसाठी एवढंच माझ्या हातात आहे. मधेच रडले तर तेही गेलं," म्हणाली. मलाही बोलावलं. खरं सांगू? मी गेले ते गाणं ऐकायला. त्या म्हातारीला मी कुठे ओळखत होते!

आणि सगळा वेळ उभं राहायचं, बाई! गुडघे बोलायला लागले. शेवटी 'तिची आठवण अखंड राहो' अशा अर्थाची ओळ तीनदा गातात. तिसऱ्यांदा तिचा आवाज थरथरला. आता तुटतोय असं वाटलं, तेवढ्यात तिने तो सावरला आणि इतका स्वच्छ वर नेला की माझ्या तोंडून मोठ्यांदा निघून गेलं, "वा! क्या बात है!"

अख्खं चर्च वळून बघायला लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ती मात्र शेवटपर्यंत गायली. नंतर मध-बेदाणे घातलेले शिजवलेले गहू वाटले, ते मी खाली मान घालून खाल्ले आणि सटकले.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. तिने काही बोलायच्या आत मीच सुरू केलं, "चुकलं गं माझं. आमच्याकडे गाणं आवडलं की गाणाऱ्याला तिथल्या तिथे सांगतात. सवयच ती."

"आमच्याकडे कुणी काही बोलत नाही. ते देवासाठी असतं," ती म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली. "माझी आई आयुष्यभर गावच्या चर्चमध्ये गायली. तिला कुणीच कधी असं म्हटलं नाही. मीसुद्धा नाही."

आणि तेव्हा ती रडली.