घरच्या कुड्या

लग्नात सासूबाईंनी मला त्यांच्या सासूच्या हिऱ्याच्या कुड्या दिल्या. पुढे कित्येक वर्षांनी एक खडा निखळला म्हणून मी मीरा रोडच्या सोनाराकडे गेले. तो म्हणाला, "भाभी, ये हीरा नहीं, काच है. राइनस्टोन बोलते हैं."

घरी येऊन मी मोबाइलवर तो शब्द शोधला. युरोपातल्या ऱ्हाइन नदीत चमकदार गारगोट्या सापडत, त्यांना ऱ्हाइनचे खडे म्हणत. पुढे तसे काचेचे खडे बनू लागले, पण नाव तेच राहिलं.

मी कोणाला सांगितलं नाही. हळदीकुंकवाला सासूबाई शेजारणींना माझे कान दाखवत, "घरचे हिरे आहेत," म्हणत. मी हसायचे आणि कधी एकदा घरी जाते असं व्हायचं. घरी तरी सासूबाईच होत्या.

यंदा मुलाचं लग्न ठरलं. मेथी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "कुड्या आता नव्या सुनेला."

मला राहवलं नाही. "आई, ती काच आहे."

"माहीत आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मलाही सोनारानेच सांगितलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तेव्हा घरात सासू होती. तू आलीस तोवर सगळ्यांना हिरे म्हणून सांगून झालं होतं."

लग्नात त्यांनीच कुड्या सुनेच्या हातात ठेवल्या. "घरच्या आहेत," एवढंच म्हणाल्या. सुनेने माझ्याकडे बघून विचारलं, "हिरे आहेत ना, आई?"

सगळे बघत होते. मी हो म्हणून मान हलवली.