साडीवरचे स्टिकर

गुडघा किती वाकतो हे व्हिडिओवरून मोजता येतं का आणि पुन्हा मोजल्यावर तेच उत्तर येतं का, एवढाच माझ्या फिजिओथेरपीच्या प्रबंधाचा विषय. मैलापूरच्या एका दवाखान्यात मी वीस बायकांचं चित्रीकरण केलं. खुबा, गुडघा आणि घोटा यांवर रंगीत स्टिकर लावायचे, मोबाईल स्टँडवर ठेवायचा. बाई पलंगावर आडवी होऊन पाय दुमडणार, कोन सॉफ्टवेअर काढणार. आठवड्याने पुन्हा तेच.

एकच व्हिडिओ दोनदा मोजला की माझे आकडे जुळायचे. त्यावरच मी निर्धास्त राहिले. मग दोन आठवड्यांचे व्हिडिओ शेजारी ठेवले. एकीचा गुडघा आधी एकशे वीस अंश, नंतर एकशे पाच. बाकीच्यांचंही तसंच.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी व्हिडिओ थांबवला. "पाय वाकतोय आणि स्टिकर मागेच राहतोय. लावलाय कशावर?"

"साडीवर."

"का?"

आईपेक्षा मोठ्या बाईला साडी वर घ्या म्हणायला माझी जीभ रेटली नव्हती. तपासायचा भाग उघडा करायला सांगावा, हे परीक्षेत मी इंग्रजीत कितीदा लिहिलंय. तमिळमध्ये सुचत नव्हतं, आमच्या घरच्या मराठीत तर नाहीच.

"परत कर. सगळ्या."

वीस फोन. मला फोन करायचा म्हटलं तरी आधी पाणी प्यावं लागतं. पाच जणींनी उचलला नाही, एक रागावली. पहिली आली ती तंजावरकडची मराठी मामी (इकडे वयस्क बाईला मामीच म्हणतात), निवृत्त शिक्षिका. भर उन्हात बस बदलून आली आणि पलंगावर टेकत म्हणाली, "अय्यो, पुन्हा? माझा गुडघा हरवलास का काय?"

मी पडदा ओढला, दाराला कडी घातली, चादर दिली. मग सगळं उरकलं तरी उभीच राहिले.

"मामी, साडी गुडघ्याच्या वर घ्यावी लागेल. मागे मी सांगायला लाजले."

"तू लाजलीस? दोन्ही वेळा मी मुद्दाम नवा परकर नेसून आले होते. तू बघितलाच नाहीस!"

हसत तिनेच साडी सरकवली. गुडघ्याजवळ जुना, पांढरा व्रण होता. मी हाड चाचपून व्रणाच्या बाजूला स्टिकर लावला. पाय दुमडताना तो कातडीबरोबर गेला.

आकडा मी लिहून घेतला. तो पुन्हा तसाच येतो की नाही, हे मामी पुढच्या आठवड्यात आल्यावरच कळणार होतं. फोन न उचललेल्या पाच जणींपैकी पहिलीचा नंबर मी पुन्हा लावला.