खुंटीवरचा टाय

टाय या वस्तूचा मला राग आहे. ऊब देत नाही, घाम पुसत नाही, नुसता गळ्यात लोंबतो. दोन हजार सालानंतर कोल्हापुरात विमा विकणारी पोरं मोटारसायकलवरून हिंडायला लागली. त्यांचा टाय वाऱ्यानं खांद्यामागं उडताना दिसला की ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, आत खुपस तो!

नव्वदच्या आधी आमच्या गल्लीत टाय फक्त लग्नाच्या फोटोत असे. फोटो स्टुडिओत एक कोट आणि एक तांबडा टाय टांगलेला असायचा. गल्लीतल्या यच्चयावत नवरदेवांनी तोच घालून फोटो काढला होता, आमच्या अण्णांनीसुद्धा. फोटोत ते असे दिसतात, जणू मागून कुणी मानगूट धरलंय.

अण्णा, म्हणजे माझे वडील, उद्यमनगरात लेथवर, म्हणजे लोखंड गरागरा फिरवत कापणाऱ्या मशीनवर, कामाला होते. मशीन सुरू करण्याआधी ते मनगटावरचं घड्याळ आणि गळ्यातला जोतिबाचा गंडा काढून खिळ्याला अडकवत. "मशीनला देव कळत न्हाय आन् माणूस बी कळत न्हाय. तिच्यापाशी लोंबतं काय नगं," असं ते म्हणत.

नव्वदनंतर माझा थोरला भाऊ डिप्लोमा करून एका मोठ्या कारखान्यात सुपरवायझर झाला आणि पहिल्याच आठवड्यात फर्मान निघालं, सुपरवायझरनं टाय घालायचा. आई हरखून गेली. अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मशीनपाशी टाय?"

"मी मशीन चालवत न्हाय अण्णा, नुसता बघत हिंडतो की," दादा म्हणाला.

"वाकून बघतोस न्हवं?"

शेवटी तोड निघाली. मशीनजवळ जाताना दादानं टाय शर्टाच्या दोन बटणांमधून आत खुपसायचा. अण्णांनी त्याला जोतिबाची शपथ घातली, तेव्हा कुठं ते पुढं जेवले.

टायची गाठ मारायला घरात कुणालाच येत नव्हती. येत होती ती वरच्या खोलीतल्या भाडेकरूला, औषध कंपनीच्या एमआरला. इतकी वर्षं राहूनही अण्णा त्याला पावणंच म्हणत. तोवर गल्लीतल्या आणखी काही पोरांना टायच्या नोकऱ्या लागल्या होत्या, त्यांचेही टाय त्याच्याकडूनच बांधून आणलेले. एकदा बांधलेली गाठ कुणी सोडत नसे. सैल करायची, टाय डोक्यावरून काढायचा आणि खुंटीला अडकवायचा. घराघरांतल्या भिंतींवर ते फास लोंबत असायचे. आमच्या घरातला मला बघवत नसे. मी जाता-येता त्याच्यावर टॉवेल टाकायचे.

मग पावण्यांची बदली झाली. आता गाठ सुटली तर कुणाच्या दारात जायचं? आई लोकांचे ब्लाउज शिवायची. तिनं काळा दोरा दुहेरी घेऊन, आतली पट्टी सरकती ठेवून, गाठीच्या वेढ्यांत टाके घातले, दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "आता काय केल्या सुटत न्हाय."

मला माझ्या शाळेच्या टायची मात्र लाज वाटायची. आयती गाठ, इलास्टिक आणि मागं हूक. वर्गातली पोरं ओढायची आणि तो तटकन निघून त्यांच्या हातात जायचा. भिंतीवर बघवत नसला तरी गळ्यात मला दादासारखा खरा टाय पाहिजे म्हणून मी आईच्या मागं लागले होते.

त्या दिवशी कारखान्यात बाहेरची मंडळी माल बघायला आली होती. त्यांच्याबरोबर फोटो काढायचा म्हणून दादानं आत खुपसलेला टाय बाहेर काढला. फोटो झाला. टाय परत आत खुपसायचा राहिला. तेवढ्यात एका लेथचा आवाज बदलला, आणि अण्णांचाच मुलगा तो, आवाज ऐकून वाकला. कामगारानं मशीन बंद केली, पण उशीर झाला होता. दादा गेला.

दवाखान्यातून त्याच्या कपड्यांची पिशवी घरी आली. त्यात टाय होता, मागून कात्रीनं कापून काढलेला. गाठ मात्र शाबूत होती. आईनं ती दारातल्या उजेडात धरली आणि टाक्यांवरून बोट फिरवलं.

"माझा एक टाका सुटला न्हाय गं," ती मला म्हणाली.

अण्णा तिला परत परत सांगायचे, टाके नसते तरी तेच झालं असतं, मशीननं ओढलेली गाठ आवळतच जाते. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची. तिला ते पटलं नाही, कधीच पटलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी शाळेला निघाले. आईनं दारात थांबवून माझा टाय मुठीत धरला आणि जोरात हिसका दिला. हूक निघाला, टाय तिच्या हातात आला. तिनं तो पुन्हा अडकवला, पुन्हा ओढला. माझी दहावी होईपर्यंत रोज सकाळी हेच चाललं. मी उशीर होतो म्हणून चिडायचे, पण टाय सुटून हातात आल्याशिवाय ती मला उंबरा ओलांडू देत नसे.