एकच ढाल

माघातलं दुपारचं ऊन आमच्या इंदिरानगरच्या गॅलरीत उतरतं ते तिरपं, पातळ, अंगाला लागतं न लागतं असं. आणि त्यात वाळत घातलेल्या चादरींचा ओलसर, साबणी वास मिसळला की मला उगाचच कुणाची तरी आठवण यायला लागते. त्या रविवारी मात्र ती कुणाची, हे मला नीट ठाऊक होतं. कपाटाच्या तळातून हेडफोन काढले, कानांवरच्या गाद्या कडक होऊन तडकल्या होत्या, त्या तशाच चढवल्या आणि ज्या खेळाकडे मी वर्षभर पाठ फिरवली होती त्याच्या दुसऱ्या भागात शिरले.

हो, बंदुकांचाच खेळ. चाळिशीला टेकलेल्या बाईने हे काय चालवलंय, असं वाटून कुणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडावं. पहिल्या भागात संघ सहा जणांचा असे आणि त्यात आम्ही तिघं घरचे. माझा नवरा प्रशांत, सातपूरच्या कारखान्यातून थकून येणारा, त्याचा धाकटा भाऊ संदीप, निफाडला द्राक्षबाग सांभाळणारा, आणि मी. ते दोघे भाऊ ढालवाले. खांद्याला खांदा लावून पुढे उभे राहायचे, आणि मी त्यांच्या मागे राहून त्यांच्या जखमा भरायच्या. "वहिनी, इकडं बघा की, लय लागलं!" असं संदीप ओरडला की त्याच्या आवाजामागून विहिरीवरच्या मोटारीची घरघर, कुत्र्याचं भुंकणं आणि जाऊबाईंची जेवायची हाक, सगळं माझ्या कानात यायचं. फवारणी कधी, मामंजींचा गुडघा कसा, यंदा घड कसे लागलेत, हे सारं आम्ही त्या गोळीबारातच बोलून घ्यायचो. घर दोन गावांत विभागलेलं होतं, पण संध्याकाळ एकच होती.

मग शेताची वाटणी झाली. विहिरीजवळचा तुकडा दोघांनाही हवा होता. भांडण म्हणावं असं काही झालं नाही, कुणी आवाजही चढवला नाही. तुकडा मधोमध मोजला गेला, सह्या झाल्या आणि दोघा भावांचं बोलणं थांबलं. त्या हंगामात निफाडहून द्राक्षांचा कॅरेट आला नाही. मी बाजारातून अर्धा किलो आणली, धुऊन बशीत ठेवली, आणि प्रशांतने त्यांतलं एकही तोंडात टाकलं नाही. मला त्या दोघांचा इतका राग आला होता की रडूही येईना.

दुसरा भाग, खरं सांगते, फार देखणा आहे. नदीचं पाणी आता खरोखर हलतं, पावलांचा आवाज दगडावर वेगळा आणि मातीवर वेगळा येतो, आणि जिथे पूर्वी कायम सकाळ असे त्या गल्लीत आता केशरी संध्याकाळ पसरलेली असते. मी जी बाई घेऊन खेळायची तिचे केस कापलेत, झगा बदललाय; ओळखीची मुलगी सासरहून परत यावी आणि तिच्याशी काय बोलावं ते सुचू नये, तसं तिच्याकडे बघताना झालं. पण ज्या अरुंद कमानीत दोन ढाली शेजारी शेजारी लागायच्या, ती कमानच पाडून टाकलीय. तिथे रुंद, मोकळा, निर्जीव चौक. संघ आता पाचांचा, आणि ढालवाला एकच. अरे खेळ बनवणाऱ्यांनो, कुणी सांगितलं होतं तुम्हाला? बरं, मागे जावं तर जुना खेळ कायमचा बंद केलेला.

तरीही मी संदीपला फोन केला होताच. "भाऊजी, दुसरा भाग आलाय, या ना." तो म्हणाला, "काढणी चालूय वहिनी, बघतो." प्रशांतला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. मी आग्रह केला म्हणून तो आपला जुना लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसला होता, तेवढंच.

संघ जमू लागला. आम्ही दोघं, दोन अनोळखी, आणि पाचवं नाव संदीपचं. प्रशांतने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय नव्हतं! तो हेडफोन काढून उठून जाईल, अशी मला भीती वाटली. तो उठला नाही. पडद्यावर भूमिका निवडायची वेळ सरकत होती आणि ढालीची एकुलती जागा तशीच होती.

"दादा, तू घे," कानात आवाज आला. मागे मोटार चालू होती.

प्रशांतने घसा खाकरला. "नको. तू घे."

"नाय नाय, तूच घे. तुझा हात बसलाय."

"अरे, तुला सांगतोय ना, घे म्हणून."

"मोठा कोण हाय? मग?"

"कोई तो ले लो, भाई!" त्या दोन अनोळखींपैकी एक कळवळून ओरडला. दोघांनीही ऐकलं नाही. ज्या माणसांना जमिनीच्या एका तुकड्यापुढे 'घे' हा एक शब्द सुचला नव्हता, ती आता तो एकमेकांच्या गळ्यात घालत होती. आणि वेळ संपली. खेळाने दोघांनाही मुकाट बंदुका दिल्या. ढालीशिवाय आम्ही त्या उघड्या चौकात उतरलो आणि अक्षरशः चिरडले गेलो. मी एकाची जखम भरावी तोवर दुसरा पडलेला. असं हरले की एरवी मी कीबोर्ड आपटते. त्या दिवशी माझे डोळे इतके भरून आले होते की पडद्यावरचं काही धड दिसेना.

अनोळखी दोघे शिव्या घालत निघून गेले. आम्ही तिघं राहिलो. कुणी कुणाला थांब म्हटलं नाही. त्यांच्या जागी नवे दोघे आले, नवा डाव उभा राहिला, ढालीची जागा पुन्हा रिकामी. प्रशांतने माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. निफाडहूनही कुणी हात पुढे केला नाही.

"आता तरी घे," प्रशांत म्हणाला.

"तू घे, दादा."

ती ढाल मीच उचलून मोकळं व्हावं, हे मला सुचलं नाही असं नाही. पण मी गप्प बसले. हा वाद मला अजून बराच वेळ चालायला हवा होता.