डाव्या बाजूचे पेडल

भूतखेत, आत्मा, संकेत यांपैकी कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आज आहे, असेही म्हणवत नाही. या सदरातील अनुभव मी वाचतो ते त्यांतील चूक शोधण्यासाठी. माझ्या स्वतःच्या अनुभवात मात्र मला चूक सापडलेली नाही, म्हणून तो लिहून पाठवीत आहे.

मी चिखलीचा. येथे अनेक वर्षे मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालविले. वयोमानाने ते बंद केले आणि शिकवणीची एक गाडी घरच्या वापराला ठेवली. अशा गाडीत डाव्या बाजूलाही ब्रेकचे एक पेडल असते. शिकविणाऱ्याने ते दाबले की तारेच्या ओढीने चालकाचे पेडल खाली जाते. उलट होत नाही — चालकाने ब्रेक दाबला तर तार नुसती ढिली पडते, डावे पेडल जागचे हलत नाही. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

स्कूल बंद झाल्यावर त्या डाव्या सीटवर माझी पत्नी शांता बसू लागली. तिची थोरली बहीण जानेफळला राहते. आम्ही अमडापूरवरून तिच्याकडे जात असू. अमडापूरच्या टेकडीवरचे देवीचे देऊळ दिसू लागले की शांता हात जोडी आणि मी वेग कमी करावा म्हणून डावे पेडल पायाने हलकेच दाबी — दोनदा. मला ते खपत नसे. एकदा म्हणालो, "ते खेळणे नाही."

"माहे हात तं जोडेल हायेत. मंग पायानंच सांगन ना! अन् तोंडानं सांगतलेलं तुम्ही आयकलं कवा?"

शांता मागच्या वर्षी गेली. जानेफळची खेप मी चालू ठेवली.

यंदा गाडीचा ब्रेक धडधडू लागला. वेगात असताना दाबला की पेडल पायाला ठोके देई आणि स्टिअरिंग थरथरे. मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, विकून टाका आता. जानेफळला एस.टी. जातेच की." जाते. परंतु गाडीत शेजारची सीट रिकामी ठेवता येते, एस.टी.त ती ठेवता येत नाही. मुलाला एवढेच सांगितले, की ब्रेक निर्दोष झाला नाही तर विकीन.

मोकळ्या रस्त्यावर गाडी वेगात नेऊन नुसता हँडब्रेक हलकेच ओढून पाहिला; तो फक्त मागच्या चाकांना लागतो. ठोका आला नाही. अर्थात मागची चाके ठीक होती, दोष पुढे होता. सलीम मिस्त्रीने चाक उतरवून डिस्कला मोजणीचे घड्याळ लावले आणि डिस्क फिरविली. काटा डोलू लागला, म्हणजे डिस्क वाकडी झाली होती.

"गुर्जी, साऱ्या तालुक्याले तुम्ही गाडी शिकोली. आता गाडीच तुम्हाले शिकवून राह्यली!"

"तोंड कमी चालव. हात चालव."

त्याने दोन्ही डिस्क आणि पॅड बदलले, डिस्क जिथे बसते त्या हबवरचा गंज घासून काढला, चाकाचे नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. आम्ही गाडी पळवून पाहिली. ब्रेक लोण्यासारखा लागला.

त्यानंतरच्या पहिल्याच खेपेला, अमडापूरजवळ देऊळ दिसू लागले तेव्हा माझा पाय ब्रेकवर नुसता टेकलेला होता... आणि पेडल हलले. दोनदा. हा जुना ठोका नव्हता. वाकडी डिस्क पेडलला पायावर ढकलते; हे पेडल पायाखालून खाली गेले. गाडी मंदावली.

पुढच्या खेपेलाही तेच झाले. अन्यत्र कोठेही नाही. संशय तारेवर आला. एका सकाळी सलीमला बरोबर घेतले. तो डाव्या सीटवर बसला तेव्हा काहीही घडले नाही. गाडी मागे नेली, त्याला मागच्या सीटवर बसविले आणि डाव्या पेडलवर नजर ठेवण्यास सांगितले. देऊळ दिसू लागले.

"गुर्जी... थे दबलं."

"काय दबलं?"

"डावं पायडल. दोनदा. काकू कशा—" शांताची ही सवय त्याने या गाडीतून येताजाता पाहिली होती.

मी गाडी कडेला घेतली. सलीमने वाकून तार पाहिली, स्प्रिंग पाहिली, पेडल हाताने हलवून पाहिले. सर्व जागच्या जागी होते.

"राहू द्या ना गुर्जी," तो हळू आवाजात म्हणाला. "नुकसान तं काही करून नाही राह्यलं."

"आपोआप लागणारा ब्रेक रस्त्यावर चालत नाही. मागून येणारा येऊन आदळेल. तार काढ."

"गुर्जी, इच्यार करा..."

"काढ."

त्याने तेथेच तार सोडविली.

पुढच्या खेपेला देऊळ आले आणि मागे पडले. ब्रेक शांत होता. जानेफळला मेहुणीने पाणी दिले आणि विचारले, "काऊन भाऊजी, तोंड काऊन उतरलं?"

"ब्रेक दुरुस्त झाला," मी म्हणालो.

काही दिवसांनी गाडी पुन्हा सलीमकडे नेली आणि तार जोडण्यास सांगितले. त्याने तार जोडली, ताण पाहिला, डावे पेडल दाबून दाखविले. माझ्या बाजूचे पेडल खाली गेले. यंत्र ठीक होते.

तेव्हापासून अनेक खेपा झाल्या. देऊळ दिसू लागले की आता ॲक्सिलरेटर सोडून वेग मीच कमी करतो. पाय ब्रेकवर अलगद टेकवितो. दाबीत नाही. पेडल स्थिर असते.

ते का दबत होते, याचे उत्तर माझ्यापाशी नाही. तार जोडल्यावरही पुन्हा का दबले नाही, याचेही नाही.